उत्पला काय म्हणते?

सुंदरी लातूरला येणार म्हणून मी गाडी धुतली. त्या उन्हाळ्यात लातुरात गाडी धुणं म्हणजे भर चौकात पाप करण्यासारखं होतं. शहराला पाणी रेल्वेनं येत होतं, आणि मी मात्र गल्लीच्या आडोशाला अर्धी बादली पाणी अन् एक जुनं बनियन घेऊन चॅनेलची पांढरी गाडी पुसत होतो. बायकोनं खिडकीतून विचारलं, "कोण यायलंय एवढं?" मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "मग उरलेल्या पाण्यात सवताबी आंघोळ करून घ्या."

मी तेव्हा एका मराठी बातम्यांच्या चॅनेलचा लातूरचा कॅमेरामन होतो. मूळचा नांदेडचा, पण पोटासाठी लातूरला येऊन राहिलेला. उत्पला सोनकांबळे हे नाव आमच्या भागात पोरासोरांना पाठ होतं. जळकोटसारख्या तालुक्याच्या गावची मुलगी परदेशात जाऊन सौंदर्यस्पर्धा जिंकून आली होती. डोक्यावर मुकुट, खांद्यावरून पट्टा, डोळ्यांत पाणी, असा तिचा फोटो लातूरच्या निम्म्या ब्यूटी पार्लरांत टांगलेला होता. आणि आता ती टीव्हीची बातमीदार होऊन दुष्काळ दाखवायला यायची होती.

गाडी घेऊन स्टेशनवर गेलो. मुंबईची रेल्वे आली, एसीच्या डब्यातून सगळे उतरले, सुंदरी काही उतरली नाही. फोन लावला तर म्हणाली, "मी बसस्टँडवर हाय की! कालच जळकोटला आईकडं आले होते, आत्ता एसटीनं आले." बसस्टँडवर ती डोक्याला ओढणी गुंडाळून एका म्हातारीशेजारी बसली होती आणि दोघी मिळून भाजलेल्या शेंगा फोडत होत्या. मुकुट नसल्यामुळं तिला कुणीच ओळखलं नव्हतं.

"तुमी नांदेडचे का?" तिनं विचारलं. "माझी आई नांदेडची. मंजे तुमी मामा." आणि शेंगांची पुडी माझ्या हातात दिली. आमच्याकडं आईच्या गावचा कुणीही मामाच होतो, मग तो भाजीवाला असो की फौजदार. वयानं मी तिच्यापेक्षा फार मोठा नव्हतो, एवढं मात्र इथं सांगून ठेवतो.

सुंदर होती का? होती. उगाच खोटं कशाला बोला. उंचीही भरपूर, त्यामुळं खेड्यातल्या कुठल्याही दारातून आत शिरताना सवयीनं वाकायची. पण तिच्याबरोबर आठ दिवस काम केलं की माणूस तिचं दिसणं विसरायचा, कारण ती समोरच्याला उसंत देत नसे. सारखे प्रश्न. टपरीवाल्याला प्रश्न, कंडक्टरला प्रश्न, माझ्या बायकोला तर पहिल्याच भेटीत इतके प्रश्न विचारले की बायको मला म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, तुमी कधी एवढं इचारलं न्हाई."

चॅनेलनं तिला एका उन्हाळ्यापुरतं पाठवलं होतं. काम जमलं तर लातूरचा ब्यूरो तिच्या ताब्यात, नाही जमलं तर परत मुंबईला, सिनेमाच्या कार्यक्रमात. त्या कार्यक्रमात तिनं आधी बरीच वर्षं काढली होती आणि तिला त्याचा कंटाळा आला होता. "मामा, तिथं प्रश्नच न्हाईत. मी नटाला म्हणायची, आज छान दिसताय. तो म्हणायचा, तुमीबी. संपली मुलाखत." मग म्हणाली, "मी तोंड उघडलं की लोक बघतात. ऐकत कुणीच न्हाई. मला एकदा तरी ऐकलेलं पायजे." हे ती हसत हसत म्हणाली, पण तिला ते किती खोल लागलेलं होतं हे त्या एका उन्हाळ्यात मला पुरतं कळलं.

तिची एक खोड होती. कुणी तिच्याविषयी गोड खोटं बोललं तरी ती तिथल्या तिथं दुरुस्त करायची. नांदेडच्या एका कॉलेजात तिचा सत्कार होता. प्राध्यापक भरून आलेल्या आवाजात "आपल्या मराठवाड्याची विश्वसुंदरी" असं म्हणाले, पोरांनी शिट्ट्या मारल्या. उत्पलानं माइक हातात घेतला आणि म्हणाली, "विश्वसुंदरीची स्पर्धा वेगळी असते. मी जिंकले ती तिच्यापेक्षा बारकी होती. पण जेवण चांगलं होतं." प्राध्यापकांचा चेहरा पडला. मागं भलंमोठं बॅनर लावलेलं होतं, त्यावर तिच्या फोटोमागं अख्खी पृथ्वी छापलेली होती, आता ती कुठं लपवणार?

याच खोडीचा दणका चॅनेललाही बसला. मुंबईच्या जाहिरातवाल्यांनी एक गोष्ट परस्पर रचून ठेवली होती. गरीब घरची पोर, मैलोन्‌मैल डोक्यावर हंडा वाहून चालायला शिकली, तीच चाल तिला परदेशातल्या मंचावर घेऊन गेली, आणि आता तीच पोर आपल्या तहानलेल्या मातीत परत आली आहे. ऐकून मलाही ते खरंच वाटलं होतं. उत्पला म्हणाली, "मामा, आमच्या घरात नळ होता. वडील बँकेत कॅशियर होते. चालायला मी पुण्यात शिकले, क्लास लावून."

पण मुंबईतल्या आमच्या साहेबांचा हुकूम म्हणजे हुकूम. हंडा डोक्यावर घेतलेला एक शॉट पाहिजे म्हणजे पाहिजे. तेव्हा आम्ही किल्लारीकडच्या एका गावात होतो. टँकर नुकताच रिकामा होऊन गेला होता आणि सोजरबाई नावाची एक ठेंगणी, काळीसावळी बाई भरलेला हंडा घेऊन घराकडं निघाली होती. उत्पलानं तिला विनवलं, तिची चुंबळ डोक्यावर ठेवली, वर हंडा घेतला. पहिली पावलं झोकात टाकली. मी मनातल्या मनात जाहिरातवाल्यांना शाबासकी देतोय तोवर हंडा कलला आणि सगळं पाणी रस्त्यावर. माती इतकी तापलेली होती की ओल दिसायच्या आत गडप.

सोजरबाईनं रिकामा हंडा उचलून घेतला. मग म्हणाली, "बाई, सुंदर असशील तू तुझ्या घरी. माझं पाणी सांडलंस की गं!"

उत्पला माझ्याकडं वळून म्हणाली, "कॅमेरा बंद करा." इतकी उतरलेली मी तिला त्याआधी पाहिली नव्हती. गाडीतला पिण्याच्या पाण्याचा जार तिनं सोजरबाईच्या घरी पोचवला, आणि हंडा परत भरून दिल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवून टँकरच्या दुसऱ्या खेपेची वाट बघत लिंबाखाली बसली. सोजरबाई थोड्या वेळानं येऊन शेजारी टेकली. "कशाची वाट बघायलीस? दुसरी खेप येतच न्हाई." कधीपासून? "कधीच न्हाई." बाकीच्या बायाही जमल्या. गावाच्या नावानं रोज निघणारा दुसरा टँकर वाटेतच कुठंतरी मुरत होता. उत्पला नुसती ऐकत बसली. सगळ्यांचं बोलून, भांडून, थोडं रडून झालं, तेव्हा कुठं तिनं मला कॅमेरा काढायला सांगितला.

तेव्हापासून ती तिची रीतच झाली. गाऱ्हाणं आधी, कॅमेरा नंतर. बाकीचे बातमीदार गाडीतून उतरता उतरता माइक पुढं करायचे. ही आधी ओट्यावर बसायची, पाणी मागायची नाही, कारण मागितलं असतं तर लोकांनी दिलं असतं. मी घड्याळ बघत आतल्या आत चडफडत बसायचो. पण तिच्या बातमीतली माणसं पाठ केल्यासारखी बोलत नसत, हे मलाही कबूल करावं लागलं.

टँकरची बातमी लागली आणि गावाला दुसरी खेप सुरू झाली. साहेबांचा फोन आला. "बातमी ठीक आहे. पण हंड्याचा शॉट कुठाय?"

जळकोटला तिच्या घरी आम्ही अधूनमधून जेवायला थांबायचो. दारात गेलं की तिचे वडील, दादा, मोठ्यानं म्हणायचे, "जयभीम मामा, या!" म्हणजे मी त्यांचाही मामाच. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याखाली काचेच्या कपाटात मुकुट. आईनं त्यावर धूळ बसू नये म्हणून हातरुमाल टाकलेला असायचा. पाहुणे आले की रुमाल उचलायची, गेले की परत टाकायची. दादांना मुकुटाचं कौतुक होतं, पण पोरीनं कलेक्टर व्हावं ही त्यांची जुनी इच्छा. "मुकुट बी आला, टीव्ही बी आला," ते भाकरी मोडता मोडता म्हणायचे, "पोस्ट काय आली न्हाई." उत्पला खाली मान घालून ठेचा खात राहायची.

दादांचं दुसरं वेड म्हणजे नवा जिल्हा. लातूरचे दोन भाग होऊन उदगीर जिल्हा व्हावा यासाठी तिकडं कृती समित्या होत्या, आणि जळकोटच्या समितीत दादा सगळ्यांत पुढं. त्यांचं म्हणणं साधं होतं. "कलेक्टर हापिसात एका सहीसाठी लातूरला जायचं मंजे अख्खा दिवस घालवायचा. उदगीर जिल्हा झाला की सकाळी जायाचं आन् जेवायला घरी." त्यांचा भरवसा एवढा दांडगा की त्यांनी घराच्या पाटीवर पेंटरकडून आधीच 'जि. उदगीर' असं रंगवून घेतलं होतं. पोस्टमनला त्यानं काही फरक पडत नव्हता, तो पत्रं बरोबर आणून टाकायचा.

उन्हाळा संपत आला असताना एक दिवस आम्ही उदगीरजवळ चारा छावणीची बातमी करत होतो. दुपारी माझ्या फोनवर एकामागून एक व्हिडिओ यायला लागले. उदगीरच्या एका जुन्या सरकारी इमारतीसमोर ट्रक उभा होता आणि त्यातून टेबलं, खुर्च्या, लोखंडी कपाटं उतरत होती. खाली लिहिलेलं, 'कलेक्टर ऑफिसचं फर्निचर आलं!' जो तो हेच म्हणत होता. खुर्च्या आल्या म्हणजे साहेब येणार, साहेब येणार म्हणजे जिल्हा झाला. दुसऱ्या चॅनेलांवर 'उदगीर जिल्हा होणार?' असं यायला लागलं, आणि तासाभरात त्यातलं प्रश्नचिन्हही गळून पडलं.

आम्ही थेट त्या इमारतीत गेलो. आत एक कारकून घाम पुसत खुर्च्या लावत होता. उत्पलानं विचारल्यावर तो वैतागून म्हणाला, "ताई, कशाचा जिल्हा? टंचाई कक्षाचं सामान हाय हे. टँकरचं काम बघाया बसणारेत इथं. सकाळपासनं सांगून सांगून थकलो, कुणी ऐकंना. तिघं जण पेढे देऊन गेले मला." तिनं लातूरला फोन लावले, मुंबईला मंत्रालयात लावले. सगळीकडं एकच उत्तर, असा काही निर्णय नाही.

तेवढ्यात साहेबांचा फोन. तिनं स्पीकरवर टाकला. "जळकोट तुझं गाव ना? चौकात गुलाल उडतोय. तुझे वडील नाचतायत, बाकीचे दाखवतायत आणि आपण नाही! लगेच लाइव्ह दे. लातूर ब्यूरो तुझाच समज."

"पण सर, जिल्हा झालेलाच नाही."

"झाला असं तू म्हणू नको ना. लोक म्हणतायत असं म्हण."

मी गाडी जळकोटकडं वळवली. ब्यूरो हाताशी आला होता. एक लाइव्ह दिलं की झालं.

चौकात हलगी वाजत होती. दादा गुलालानं इतके माखले होते की आधी मी ओळखलंच नाही. त्यांनी धावत येऊन पोरीच्या तोंडात पेढा घातला. "आता तू सांग टीव्हीवर. तुझ्या तोंडून ऐकायचंय मला." तिनं त्यांना हाताला धरून गाडीमागं नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. दादा म्हणाले, "खात्री केलीस?" ती म्हणाली, "हाव." मग ते म्हणाले, "उद्या सांग. आज एक दिस राहू दे लोकांला. बघ की कशी खुशीत हायेत."

तिनं त्यांच्याकडं बघितलं, तोंडातला पेढा कसाबसा गिळला, आणि कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "जळकोटच्या चौकात जल्लोष सुरू आहे," ती म्हणाली, "पण उदगीर जिल्ह्याची घोषणा झालेली नाही. जे सामान आलं आहे ते टंचाई कक्षाचं आहे. इथल्या माणसांना लातूर लांब पडतं, त्यांची मागणी खरी आहे, पण आजची बातमी..." इथं मुंबईनं तिचं लाइव्ह तोडलं. गावानं मात्र पूर्ण ऐकलं, कारण हलगी थांबली होती.

मग एकच गलका. "सुंदरीला काय कळतंय राजकारणातलं!" "लातूरवाल्यांनी शिकवून पाठवलंय हिला!" कुणीतरी गाडीच्या काचेवर मूठभर गुलाल फेकला. दादा घराकडं चालू लागले. मला तिचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी त्या पाठमोऱ्या माणसाकडं बघवेना. गाडीत बसल्यावर ती रडली, चांगली मोठ्यानं रडली, आणि उदगीर यायच्या आत नाक पुसून म्हणाली, "मामा, छावणीचं एडिटिंग राहिलंय."

दुसऱ्या दिवशी सरकारनं खुलासा केला. बाकीच्या चॅनेलांनी नवीन विषय घेतला. तिला कुणी शाबास म्हटलं नाही. उलट साहेब म्हणाले की स्थानिक लोकांत नाराजी आहे, तू परत ये, सिनेमाचा कार्यक्रम तुझी वाट बघतोय. ती गेली नाही. राजीनामा देऊन नांदेडला आजोळी माडीवर राहिली आणि तिथूनच मोबाइलवर स्वतःच्या बातम्या सुरू केल्या. धर्माबादच्या बाजारात मिरचीचा भाव का पडला, देगलूरच्या दवाखान्यात डॉक्टर का नाहीत, असल्या बातम्या. पहिल्या पहिल्यांदा लोक खाली लिहायचे, 'मॅडम, मुकुट घालून बातमी द्या.' ती उत्तर द्यायची, 'तो आईकडं आहे.' दादा महिनोन्‌महिने तिच्याशी बोलले नाहीत. आई फोनवर बोलायची तेव्हा शेजारी बसून ऐकायचे, आणि मधेच आईला म्हणायचे, "जेवली का इचार तिला."

पुढच्या हिवाळ्यात मी कुठल्याशा कामानं जळकोटला गेलो होतो. चौकातल्या टपरीवर चहा घेत होतो. टीव्हीवर एकदम लाल अक्षरं झळकली, उदगीर जिल्ह्याची घोषणा. माणसं भराभरा गोळा झाली, हलगीवालाही हलगी काखेत मारून आला, दादा गुलालाची पुडी घेऊन आले. पण कुणी नाचेना. शेवटी दादाच म्हणाले, "थांबा जरा. ती आलीय काल घरी. उत्पला काय म्हणते ते तर बघू."

तिला बोलावणं गेलं. ती आली ती साध्या घरातल्या कपड्यांत, हाताला पीठ, मला बघून लांबूनच "मामा!" म्हणाली आणि ओढणीला हात पुसून चौकाच्या मधोमध उभी राहून फोन लावायला लागली. एक लावला, दुसरा लावला. एका कानाला फोन, दुसऱ्या कानावर हात. गाव एवढं चिडीचूप की टपरीवरच्या स्टोचा आवाज येत होता. कितीतरी वेळानं तिनं फोन खाली घेतला.

"न्हाई," ती म्हणाली. "कायबी झालेलं न्हाई."

कुणी वाद घातला नाही. "बरं," म्हणून दादांनी गुलालाची पुडी खिशात घातली. हलगीवाला बिडी पेटवायला बाजूला झाला. दोघंतिघं आपापल्या कामाला निघालेसुद्धा. तेवढ्यात मागून एक म्हातारा पुढं सरकला. "पोरी, फोन हातात हायच तर आमच्या वाडीच्या पुलाचं काय झालं तेवढं इचार की त्येंला."

"कोणता पूल, आबा? कुणी देतो म्हणालं होतं? कधी?" तिनं विचारलं, आणि म्हातारा सांगायला लागला. निघालेली माणसं परत फिरली. दादा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि गर्दीला म्हणाले, "गलका करू नका रे, ऐकू द्या तिला." ती पुन्हा नंबर लावू लागली.